चार नंबरच्या खोलीतला रुसवा

“विहीणबाई रुसल्याऽऽ!”

व्हरांड्यातून ही आरोळी उठली तेव्हा चार नंबरच्या खोलीत विहीणबाई नव्हत्याच. मी होते.

बाहेर मुलीकडच्या बायकांचा घोळका, दारावर थापा, हसणं, खिदळणं. आत मी एकटी, हातात पाण्याचा तांब्या. दाराची कडी पडलेली होती आणि काही केल्या सुटत नव्हती.

आता मी तिथं कशी अडकले, ते आधी सांगते.

घाटाच्या पायथ्याला आमचं हॉटेल. हॉटेल म्हणजे काय, सहा खोल्या, पुढं लांबलचक व्हरांडा, अंगणात दोन आंबे आणि मागं स्वयंपाकघर. माझ्या सासऱ्यांनी, तात्या सकपाळांनी, उमेदीत बांधलेलं. पूर्वी घाट चढायच्या आधी ट्रकवाले, एस.टी.वाले, झाडून सगळे आमच्याकडे थांबायचे. मग पलीकडून नवा रस्ता झाला आणि गिऱ्हाईक तिकडूनच पळायला लागलं. त्यातच माझा नवरा मोहन काविळीनं गेला. उरलो आम्ही दोघं, तात्या आणि मी.

तात्या माणूस वाईट नव्हे, पण बोलणं म्हणाल तर, “चहा?” “ठेव.” “जेवता?” “वाढ.” संपलं! मोहन गेला तेव्हासुद्धा ते माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. नुसते अंगणात आंब्याखाली बसून राहिले. मी आत, ते बाहेर. अशी तीन वर्षं गेली.

आणि एक दिवस जेवताना म्हणाले, “जागा विकतोय.”

घेणारा होता पोल्ट्रीवाला शेठ. त्याला आमच्या सहाही खोल्यांत कोंबड्या ठेवायच्या होत्या. मोहनच्या नि माझ्या खोलीतसुद्धा! माझा भाऊ पुण्याहून येऊन सांगून गेला, “ताई, जागा विकली की तू आमच्याकडं ये.” मला जायचं नव्हतं. माझं घर हेच होतं. पण म्हाताऱ्याला मी नकोशी झाले आहे, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. नाहीतर राहतं घर कोण कोंबड्यांना देतं?

अशात महाडचे कदम गुरुजी चहाला थांबले. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं, मुलगा घाटावरचा, फलटणकडचा. महाडातलं एकही कार्यालय त्या मुहूर्ताला मोकळं नव्हतं. गुरुजी डोक्याला हात लावून बसले होते. मी चहा ठेवता ठेवता म्हटलं, “मग आमच्याकडं करा की. तुम्हालाही अर्धी वाट, त्यांनाही अर्धी वाट. अंगणात मांडव घालू, खोल्या सहा आहेत, सैपाकाचं मी बघते.”

गुरुजी खुश होऊन गेले. मग मी तात्यांना सांगितलं.

“इथं? लग्न?”

“हो.”

“कर काय ते. शेठला मी सोमवारचं बोलावलंय.”

लग्न होतं आदल्या रविवारी. म्हणजे एका दिवसात मला दाखवून द्यायचं होतं की हे हॉटेल चालतं, मी ते चालवू शकते, आणि कोंबड्यांनी दुसरीकडं बघावं. मी कामाला लागले. भिंतींना चुना लावला, गाद्या उन्हात टाकल्या, गावातल्या सोनाबाईला आणि तिच्या जावांना चुलखंडावर घेतलं. सगळं केलं. राहिली एक चार नंबरची कडी.

त्या दाराला खोड होती. जोरात आपटलं की आतली कडी आपोआप कोयंड्यात पडायची आणि अशी रुतायची की हात टेकावेत. मग तात्या यायचे, बाहेरून दाराशी काहीतरी करायचे आणि ती सुटायची. मी कितीदा म्हटलं, सुताराला बोलवा. तात्या म्हणायचे, “होईल.” झालं नाही.

आणि नेमकी चार नंबरची खोली मी कुणाला द्यावी? विहीणबाईंना! खोली हवेशीर म्हणून.

विहीणबाई, म्हणजे नवरदेवाची आई, अनुसयाबाई धुमाळ. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आणि आवाज असा खणखणीत की सनईवाला मधेच थांबून बघायचा. गाडीतून उतरल्या त्याच बोलत. “आवं हाटेलवाल्या बाई, पानी तापिवलंय न्हवं? का गारठूनच लावायचं लगीन?” पण मन मोठं. माझं कपाळ बघितलं, क्षणभर थांबल्या, आणि हळदीकुंकवाचं तबक माझ्यापुढंही तसंच धरलं. कुणी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “लाव गं. हितली मालकीन तूच की.”

मला बाई फार आवडल्या. आवडलं माणूस की मी त्याची नक्कल करते, ही माझी लहानपणापासूनची खोड. स्वयंपाकघरात गेले, पदर तोंडावर धरला आणि सुरू केलं, “आवं सोनाबाई, ह्यो मठ्ठा हाय का म्हशीला आंगूळ घातल्यालं पानी?” सोनाबाईच्या हातातला झारा पडला. तिच्या जावा पोट धरून बसल्या. मीही हसत सुटले. मागं वळून बघते तर दारात तात्या.

मी मेलेच! तात्यांच्या मिशा तेवढ्या हलल्या. स्वतःच्या हातानं कपात चहा ओतून घेतला आणि बाहेर गेले.

मुहूर्तावर अक्षता पडल्या. सगळं कसं छान झालं. आता पंगत बसायची, तेवढ्यात आठवलं, विहीणबाईंच्या खोलीत प्यायचं पाणी भरायचं राहिलं. तांब्या घेऊन धावले. खोलीत कुणी नव्हतं. तांब्या ठेवणार इतक्यात वाऱ्याचा झोत आला, दार धाडकन् आपटलं, आणि खट्! कडी पडली.

मी ओरडले. पण मांडवात कर्णा लावलेला, त्यावर गाणी जोरात. ओरडून घसा बसायची वेळ आली आणि मग दारावर थाप पडली. गुरुजींच्या मिसेस, कदमबाई.

“विहीणबाई, चला, पानं मांडलीत.”

मी तोंड उघडलं. “अहो, मी...” आणि माझी नजर कॉटवर गेली. अनुसयाबाईंची दागिन्यांची डबी तिथं उघडी पडली होती. पाटल्या, ठुशी, सगळं वर.

हॉटेलवाली बाई, पाहुण्यांच्या खोलीत, आतून कडी लावून, दागिन्यांच्या डबीपाशी! कडी आपोआप पडली हे कुणाला सांगू? कोण विश्वास ठेवील? परत कोण लग्न देईल आम्हाला? मी गप्प राहिले. म्हटलं, कडी सोडवू आणि गुपचूप निसटू.

“दार आतून बंद आहे,” कदमबाई म्हणाल्या. “बोलतही नाहीत.”

मग काय विचारता! मुलाच्या आईनं लग्नात रुसायचं आणि मुलीकडच्यांनी मनवायचं, ही तर सगळ्यांच्या आवडीची गंमत. आरोळी उठली आणि बायका गोळा झाल्या.

“विहीणबाई, दार उघडा, मानाची साडी देते.”

मी कडीला हिसका दिला. खडखड आवाज झाला.

“नाही म्हणतायत!” बाहेर हशा. “एका साडीवर नाही भागत!”

“बरं, दोन साड्या!”

मी पुन्हा हिसका दिला. खडखड.

“पैठणी मागतायत, पैठणी!” कुणीतरी किंचाळलं.

मग कदम गुरुजींचा आवाज आला, घसा खाकरून. “विहीणबाई, मी प्राथमिक शिक्षक आहे. आवाक्यातलं मागावं, ही नम्र विनंती.”

माझा हात लागला आणि कडी परत खडखडली.

“बरं बरं,” गुरुजी रडवेले होऊन म्हणाले, “पैठणी.”

मी कडीवरचा हात झटकन् काढला. आणखी एकदा वाजली असती तर गुरुजींनी घर लिहून दिलं असतं. कॉटच्या कडेला बसले आणि देवाचा धावा केला. तेवढ्यात मुलाकडच्या एका पुरुषाचा चढा आवाज आला, “आमची वैनी बसल्याबिगर आमच्यातलं एक मानूस पानावर बसायचं न्हाई!” हशा जरा कमी झाला. गंमत आंबट व्हायला लागली होती. मागं भात निवत असणार, जिलेबी मऊ पडत असणार. पहिलंच लग्न, आणि तेही असं! उद्या तात्या म्हणणार, “बघितलंस?” आणि परवापासून इथं कोंबड्या.

“सरका.”

तात्या! मला तो एक शब्द पुरला.

“सगळे मांडवात जा. पानं वाढायला घ्या. आणि तो कर्णा बंद करा आधी. विहीणबाईंशी मी बोलतो.”

कुजबुज झाली, पावलं लांब गेली, गाणं बंद पडलं. दाराबाहेर लाकडी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. तात्या बसले. खोकले. पुन्हा खोकले. मला वाटलं आता इथंच संध्याकाळ होते.

“बाई,” ते म्हणाले, “मला बोलायची सवय नाय. चुकलंमाकलं पोटात घाला. तुम्ही कशानं रुसलात ठाऊक नाय. पण हा मांडव, ते जेवण, हे बिछाने, सगळं माझ्या सुनंनं एकटीनं उभं केलंय. त्यात खोट काढू नका.”

तात्यांच्या तोंडून इतके शब्द मी एका दमात कधी ऐकले नव्हते.

“ही जागा मी उद्या विकतोय. तिला वाटतं, म्हाताऱ्याला ती जड झाली. तसं नाय. हे हॉटेल आहे तोवर ती इथून हलायची नाय. मला भाकरी थापून घालत बसंल. माझा पोरगा गेला, त्यात तिचा काय दोष? तिनं का म्हणून जन्म काढावा एका मुक्या म्हाताऱ्यापाशी? भावाकडं जाईल, चार माणसांत राहील. मनात आलं तर दुसरं घर करंल. मला आनंदच आहे. पण मी ‘जा’ म्हणू कसा? ‘जा’ म्हटलं तर वाटंल हाकलली. ‘राहा’ म्हटलं तर माझाच स्वार्थ. म्हणून म्हटलं, जागाच नको. जागा गेली की आपोआप जाईल.”

माझ्या डोळ्यांतून कधी धारा लागल्या ते मला कळलं नाही. पदराचा बोळा करून तोंडात धरला. हुंदका बाहेर गेला असता तर तात्या जागच्या जागी मिटले असते. मी ओळखून होते त्यांना.

“आता खरं सांगतो. सकाळी ती स्वयंपाकघरात तुमची नक्कल करत होती. राग मानू नका, हुबेहूब करत होती. मोहन गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. मी चहा घेऊन बाहेर आलो आणि तो प्यायचाच राहिला. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. ती इथून गेली की सुखी होईल हे मी ठरवलं. तिला विचारलंय कुठं?”

खुर्ची करकरली.

“असो. रुसलेल्या विहिणीला मागंल ते द्यायचं असतं. मागा, बाई. या घराकडून काय हवं ते मागा.”

आणि मला काय सुचलं कोण जाणे! अंगात आलं म्हणा. मी डोळे पुसले, पदर तोंडावर धरला आणि अनुसयाबाईंचा आवाज काढला.

“मागू? द्याल?”

“देतो.”

“मंग ह्ये हाटेल इकू नगा. आन् सुनंला कुटं धाडू नगा. तिला हितंच ऱ्हायाचं हाय.”

पकडले गेले तर?

“तिनं सांगितलं तुम्हाला?” तात्यांनी हळूच विचारलं.

“व्हय. तिनंच सांगितलं.”

“खरं?”

“द्येवाशपथ.”

“मग दिलं,” तात्या म्हणाले. उठले. दोन पावलं गेले असतील, परत आले. “आणि बाई, त्या दाराची कडी वाईट आहे. दार खालून जरा वर उचला आणि आपल्याकडं ओढा. सुटते.”

ते गेल्यावर मी दार उचललं, ओढलं. कडी लोण्यासारखी सुटली. डबी झाकून गादीखाली सरकवली, तोंडावर पाणी मारलं आणि मागच्या बाजूनं स्वयंपाकघरात पळाले. पुढं मांडवात बघते तर अनुसयाबाई पाटावर बसलेल्या, खांद्यावर पैठणी, आणि समोर गुरुजी हात जोडून उभे. “गेला बरं का राग,” त्या सगळ्यांना सांगत होत्या. या कुठून उगवल्या, असं मनात आलं, पण पंगत वाढायची घाई, कुणाला विचारते! जेवणं अशी झाली की मुलाकडच्यांनी जिलेबी तीनदा मागून घेतली.

सोमवारी पोल्ट्रीवाला शेठ आला. मी चहा ठेवत होते. तात्या म्हणाले, “जमायचं नाय.”

“का हो? बोलणं झालंय आपलं.”

“विहीणबाईंना शब्द दिलाय.”

“कुठल्या विहीणबाई?”

“फलटणच्या.”

शेठ चहा अर्धा ठेवून उठला. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर हसले. तात्यांना कसं फसवलं, म्हणून इतका आनंद झाला होता मला!

त्यानंतर वर्षानुवर्षं लग्नं येत गेली. पंचक्रोशीत नाव झालं. तात्या पुन्हा पहिल्यासारखेच, “ठेव” आणि “वाढ”. पण प्रत्येक लग्नात लाकडी खुर्ची घेऊन चार नंबरच्या दाराशी बसायचे. मी कडीसाठी किती वेळा सुतार बोलावला, दरवेळी त्यांनी तो परत पाठवला. “असू दे,” म्हणायचे. मला वाटायचं, चिकट आहेत. गेल्या वर्षी पिकलं पान गळावं तसे शांतपणे गेले. जायच्या आधी सगळं सांगून टाकावं, ती मीच होते म्हणावं, असं कितीदा ओठांवर आलं. पण धीर झाला नाही. फसवलेलं कळून त्यांना वाईट वाटलं तर, ही भीती.

यंदाच्या वैशाखात अनुसयाबाईंच्या नातीचं लग्न आमच्याकडंच होतं. बाई आता थकल्यात, पण आवाज तस्साच. दुपारी स्वयंपाकघराच्या मागं माझ्याशेजारी येऊन टेकल्या आणि कमरेची डबी काढून मिशरी लावायला लागल्या.

“आजी, अजून सुटली नाही का ही?” मी म्हटलं.

“गप गं. ह्या डबीपायीच तर झालं समदं तवा.” त्या हसल्या. “गुर्जी पडले शिकल्यालं मानूस. त्यांच्या म्होरं मिशरी कशी लावायची? म्हनून हितं मागं येऊन बसले हुते. सोनाबाईनं गरम भजी दिली, म्हनलं बसू घटकाभर. तर तुजा सासरा आला.”

“कोण? तात्या?”

“तर! म्हनला, ‘बाई, तुमी रुसलाय असं पुढं समद्यांना वाटतंया. वाटू द्या. पंगत बसंस्तवर हितनं उठू नगा, तुमचं उपकार हुतील. माजी सून कुटं दिसंना, म्हंजी तीच त्या कडीपायी खोलीत अडकलीया. मला तिच्यासंगं दोन शब्द बोलायचंत. तोंडावर बोलाया मला जमत न्हाई.’”

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं. कर्णा का बंद करायला लावला, खुर्ची का ओढली, कडी कशी सोडवायची ते जाता जाता का सांगितलं, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. “तिनं सांगितलं तुम्हाला? खरं?” असं तात्यांनी मला विचारलं होतं. मलाच! आणि मी त्यांच्यापुढं देवाची शपथ घेतली होती.

“काय गं, रडायला काय झालं?” अनुसयाबाई घाबरल्या. “काय बोलला तरी काय म्हातारा?”

“म्हणाले, मागा काय मागायचं ते.”

“मंग? तू काय मागितलंस?”

मी पदर तोंडावर धरला आणि त्यांच्याच आवाजात म्हटलं, “ह्ये हाटेल इकू नगा. तिला हितंच ऱ्हायाचं हाय.”

अनुसयाबाईंची बोटं मिशरीच्या डबीत तशीच थांबली. मग त्यांनी असा गुडघ्यावर हात मारला.

“आगं माजे बाय! म्हंजी रुसलीस तू, आन् पैठनी न्हेली म्या!”

आम्ही दोघी हसत होतो की रडत होतो, ते सोनाबाईलाही कळेना. एवढ्यात पुढून सुतार आला. नातीच्या लग्नात घोटाळा नको म्हणून मीच त्याला सकाळी निरोप धाडला होता.

“वहिनी, चार नंबरची कडी ना?” त्यानं विचारलं.

“असू दे,” मी म्हटलं, आणि त्याला जिलेबी वाढून घरी पाठवला.